किल्ट वेशातील चर्मशोभन

किल्ट वेशातील चर्मशोभन : स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ प्रदेशातील पारंपरिक पुरुषवेशात किल्टबरोबर वापरावयाच्या चामडी वस्तू आणि त्यांवर हाताने करावयाचे नक्षीकाम. या वस्तूंत रुंद कमरपट्टा, कमरेपुढे लोंबणारा ‘स्पोरन’ नावाचा बटवा, तो अडकविण्याचा पट्टा, सुऱ्यांची म्याने आणि ‘गिली ब्रोग’ ही लांब नाड्यांची पादत्राणे यांचा समावेश होतो. आजचा शिवलेला किल्ट त्याच्याच बाजूंच्या लहान चामडी पट्ट्यांनी व बकलांनी कमरेवर बसतो. त्याला वेगळ्या कमरपट्ट्याची गरज उरलेली नाही. तरीही पट्टा वेशातून गेला नाही. वस्त्र सावरण्याचे मूळ कार्य संपल्यावर तो अलंकार बनला व त्यावरील नक्षीला महत्त्व आले. उपयोगाकडून अलंकाराकडे झालेला हा प्रवास लक्षात घेतल्याशिवाय या कारागिरीतील परंपरेचा भाग कोणता व नंतरची भर कोणती, हे नीट कळत नाही.

इतिहास : सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडमध्ये रूढ असलेला ‘फेला मोर’ म्हणजे मोठा किल्ट हे शिवलेले वस्त्र नव्हते, ते नेसण्याचे वस्त्र होते. कित्येक मीटर लांबीच्या लोकरी कापडाच्या चुण्या करून ते कमरेभोवती चामडी पट्ट्याने आवळीत आणि उरलेला वरचा भाग खांद्यावर घेत. १५९४ मध्ये आयर्लंडमध्ये लढण्यास गेलेल्या हेब्रिडीझ बेटांवरील सैनिकांच्या वर्णनात, त्यांचे कमरपट्टे झग्यांच्या वरून बांधलेले असत, असा उल्लेख येतो. पट्टा सोडताच संपूर्ण वस्त्र सुटे होई. म्हणूनच या काळातील पट्टा हा मुख्यतः मजबूत असावा लागे. त्याचे सौंदर्य गौण होते.

मार्टिन मार्टिन याने १७०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पश्चिमेकडील बेटांच्या वर्णनात पुरुषांचे प्लेड कमरेला चामडी पट्ट्याने बांधले जाते आणि पट्ट्यापासून गुडघ्यापर्यंत त्याच्या नीट चुण्या घातल्या जातात, असे नमूद केले आहे. याच ग्रंथात स्त्रियांच्या ‘अरिसेड’ या झग्यावरील पट्ट्याचे वर्णन अधिक तपशिलाने येते : त्याच्या चामड्यात साखळीप्रमाणे चांदीचे तुकडे गुंफलेले असत आणि टोकाला सु. २० सेंमी. लांब व ७·५ सेंमी. रुंद असा कोरीव पत्रा असून त्यावर खडे किंवा लाल पोवळी बसवीत. अलंकृत चामडी पट्टा हायलँडला अपरिचित नव्हता, हे यावरून दिसते. मात्र या वर्णनातील अलंकार पुरुषाच्या नव्हे, तर स्त्रीच्या पट्ट्यावर आहेत.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या किल्टचा केवळ खालचा भाग स्वतंत्रपणे वापरण्याची पद्धत रूढ झाली. त्यास ‘फेला बेग’ म्हणजे लहान किल्ट म्हणतात. त्याचा जनक कोण, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे त्या शतकाच्या अखेरीस चुण्या शिवून पक्क्या करण्यात येऊ लागल्या आणि पट्ट्याचे वस्त्र सावरण्याचे काम क्रमाने संपुष्टात आले.

दरम्यान १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकबाइट पक्षाचा पराभव झाला व ब्रिटिश संसदेने हायलँडच्या वेशावर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा अंमल १७४७ मध्ये सुरू झाला. प्लेड व लहान किल्ट यांच्याबरोबर खांद्यावरून घ्यावयाच्या पट्ट्यांचाही कायद्यात नावानिशी उल्लेख होता. पहिल्या अपराधास सहा महिने कैद आणि दुसऱ्यास सात वर्षे काळेपाणी अशी शिक्षा होती. सैन्यातील हायलँड पलटणींना मात्र या बंदीतून वगळले होते. १७८२ मध्ये कायदा रद्द झाला, तेव्हा सामान्य जनतेत वेशाची सवय मोडून पस्तीस वर्षे झाली होती. वेश जिवंत राहिला तो मुख्यतः सैन्यात. त्यामुळे पुढील काळातील पट्टे, बकले व बटवे यांच्या रूपावर लष्करी गणवेशाची छाप पडली. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज याने एडिंबरोला भेट दिली. त्या समारंभाची आखणी सर वॉल्टर स्कॉट याने केली होती. तेव्हापासून आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या हायलँडप्रेमामुळे हा वेश प्रतिष्ठितांचा समारंभवेश बनला.

ढाली व म्याने : हायलँडच्या पुरुषी चर्मकामातील जुनी नक्षी पाहावयाची तर पट्ट्यापेक्षा शस्त्रांकडे वळावे लागते. ‘टार्ज’ ही गोल ढाल सामान्यतः अर्धा मीटर व्यासाची असे. तिच्यात लाकडी फळ्यांचे दोन थर परस्परांशी काटकोनात बसवून त्यांवर चामडे ताणीत. या चामड्यावर समकेंद्री वर्तुळे, गुंफनक्षी व पाने यांचे दाबकाम करीत आणि वर्तुळांच्या अनुरोधाने पितळी खिळे ठोकीत. ‘डर्क’ या लांब सुरीच्या लाकडी मुठीवरही गुंफनक्षी कोरीत. तिच्या म्यानाच्या चामड्यावर दाबरेषांची नक्षी असे. निःशस्त्रीकरणाच्या कायद्यांमुळे आणि कलोडनच्या पराभवामुळे ढालीचा उपयोग संपला. आज कमरपट्ट्यावर दिसणारी गुंफनक्षी ही पूर्वीच्या पट्ट्यांची सरळ नक्कल नसून ढाल, मूठ, शिलाशिल्प व हस्तलिखिते यांवरील आकृतिबंधांचे चामड्याच्या पट्टीवर झालेले स्थलांतर होय.

स्पोरन : गेलिक भाषेत ‘स्पोरन’ या शब्दाचा अर्थ पैशांची पिशवी असा आहे. किल्टला खिसे नसतात, म्हणून ही पिशवी आवश्यक ठरली. जुना स्पोरन मऊ कातड्याचा असून त्याचे तोंड चामडी वाद्यांनी आवळीत व वाद्यांच्या टोकांना गोंडे करीत. पुढे पिशवीच्या तोंडाला पितळेची किंवा अन्य धातूची अर्धवर्तुळाकार मुखपट्टी बसवू लागले. लष्करी वापरात लांब केसांचे स्पोरन प्रचारात आले. त्यांसाठी बकऱ्याचे किंवा घोड्याचे केस वापरीत. बिज्जू, कोल्हा इ. प्राण्यांच्या तोंडवळ्याची कातडी झाकणासाठी वापरण्याचीही पद्धत होती; आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या पलटणीतील अधिकाऱ्यांचा बिज्जूच्या मुखाचा स्पोरन विशेष प्रसिद्ध आहे.

सध्या स्पोरनचे दोन मुख्य वर्ग मानतात. दिवसा वापरावयाचा स्पोरन पूर्णपणे चामड्याचा असून त्याच्या झाकणावर ठशांची किंवा कोरलेली नक्षी असते. समारंभाच्या स्पोरनला पुढून केसाळ कातडे व वर धातूची मुखपट्टी असते. चर्मशोभनाच्या दृष्टीने पहिला वर्ग अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्यात कारागिराला लपण्यास जागा नसते. कातड्याची निवड, कापणी, नक्षी व शिवण ही सर्व उघडी दिसतात. सामान्यतः पुढे तीन गोंडे असतात. ते चामड्याच्या बारीक पट्ट्या गुंडाळून किंवा गाठी मारून करतात.

साहित्य : नक्षीकामासाठी वनस्पतिज टॅनिनाने कमावलेले गाईबैलांचे कातडेच लागते. ओकची साल हा ब्रिटनमधील पारंपरिक टॅनिनस्रोत आहे; इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात कोलिटन येथे या पद्धतीने कातडी कमावण्याचा व्यवसाय आजही टिकून आहे. अशा कातड्याचे तंतू ओले केल्यावर मऊ होतात, दाबलेला आकार स्वीकारतात आणि वाळल्यावर तो धरून ठेवतात. क्रोमियमच्या लवणांनी कमावलेले कातडे मऊ व पाण्यास अधिक टिकाऊ असले, तरी ते लवचिक असल्याने दाब निघताच पूर्ववत होते. त्यावर खोल नक्षी उमटत नाही. महाराष्ट्रातील वाचकास या गुणधर्माचे परिचित उदाहरण कोल्हापुरी चपलेचे होय. तिचेही कातडे बाभळीची साल व हिरडा यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी कमावतात.

पट्ट्यासाठी जनावराच्या पाठीच्या भागातील, कण्याला समांतर कापलेले कातडे निवडतात, कारण हा भाग घट्ट असून सर्वांत कमी ताणतो. पोटाकडील कातडे सैल असल्याने काही महिन्यांतच पट्टा लांबतो व वाकडा होतो. किल्टच्या पट्ट्याची रुंदी सामान्यतः ५·७ सेंमी. आणि जाडी ३ ते ४ मिमी. असते. स्पोरनच्या झाकणाला व पुढच्या भागाला त्याहून पातळ कातडे पुरते. बाजूंच्या घडीदार पट्टीसाठी ते आणखी पातळ करावे लागते.

तंत्र : पट्टी कापून तिच्या कडा किंचित गोल केल्यावर कातडे ओलवणे ही पहिली महत्त्वाची क्रिया होय. पाणी शोषून काळवंडलेले कातडे वाळताना मूळ रंगावर येऊ लागते, पण हाताला अजून गार लागते. नक्षीकामास हीच अवस्था योग्य असते. त्याआधी काम केल्यास ठशाच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि नंतर केल्यास ठसा उथळ उमटतो. ओल्या कातड्याला साध्या लोखंडाचा स्पर्श झाल्यास टॅनिन व लोह यांच्या संयोगाने निळसर काळा डाग पडतो. म्हणून ठसे मुलामा दिलेल्या किंवा न गंजणाऱ्या धातूचे वापरतात. हीच रासायनिक क्रिया जाणीवपूर्वक करून काळा रंगही देता येतो : लोखंडाचा कीस शिरक्यात मुरवून केलेले पाणी लावले, की वनस्पतिज टॅनिनाचे कातडे आतपर्यंत काळे होते व हा रंग वरून दिलेल्या रंगाप्रमाणे सुटत नाही.

नक्षीचे रेखन कागदावरून कातड्यावर दाबून उतरवितात. त्यानंतर बोटाने फिरविता येणाऱ्या पात्याच्या चाकूने रेषा कापतात. काप कातड्याच्या जाडीच्या एकतृतीयांश ते निम्म्यापर्यंतच जावा लागतो. अधिक खोल गेल्यास पट्टा वाकतो त्या ठिकाणी चीर पडते. मग तिरक्या तोंडाचा ठसा कापलेल्या रेषेच्या बाहेरील अंगास ठेवून त्यावर लाकडी किंवा कच्च्या कातड्याच्या मोगरीने ठोकतात. रेषेची एक बाजू खाली दबते व दुसरी वर आल्यासारखी भासते. येथे काहीही चिकटविलेले किंवा वर उचललेले नसते. उठावाचा सर्व भास केवळ दाबलेल्या व न दाबलेल्या पृष्ठभागांतील फरकामुळे होतो. शेवटी मधल्या मोकळ्या जागा बारीक दाणेदार ठशांनी दाबून खरबरीत करतात, म्हणजे तेथे गडद रंग साठतो व गुंफण उठून दिसते.

ठोकण्याने कातडे पसरते, ही लांब पट्टीवरील कामाची मुख्य अडचण होय. मीटरभर लांबीच्या पट्ट्यावर थोडासा प्रसारही साठत जाऊन अखेरची आकृती जागेवर बसत नाही. त्यामुळे मागील मांसल बाजूस न ताणणारी चिकटपट्टी लावून काम करतात व ते झाल्यावर ती काढून टाकतात.

आकृतिबंध : गुंफनक्षी हा प्रमुख आकृतिबंध आहे. त्याखेरीज सर्पिले, काटकोनी वळणांची किल्लीनक्षी, परस्परांत गुंतलेले पशुपक्षी, काटेरी थिसल फूल व कुलचिन्हे यांचाही वापर होतो. गुंफनक्षीचे मूळ नमुने सातव्या ते नवव्या शतकांतील लिंडिसफार्न व केल्झ येथील हस्तलिखितांत, तसेच पूर्व स्कॉटलंडमधील पिक्ट लोकांच्या शिलास्तंभांवर आढळतात. स्कॉटलंडमधील आद्य ख्रिस्ती स्मारकांवरील जे. रॉमिली ॲलन व जोसेफ अँडरसन यांच्या १९०३ मधील ग्रंथाने या आकृतिबंधांचे पद्धतशीर वर्गीकरण केले. कारागिरांपर्यंत ते पोहोचविण्याचे श्रेय जॉर्ज बेन (१८८१–१९६८) या कलाशिक्षकास जाते. त्याच्या १९५१ मधील ग्रंथाने ही गुंतागुंतीची नक्षी चौकटी व बिंदू यांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने रचता येते, हे दाखवून दिले. आजच्या पुष्कळशा चर्मकामामागे थेट प्राचीन नमुना नसून बेनची ही रचनापद्धती असते.

गुंफनक्षीचा नियम सोपा पण कठोर आहे : प्रत्येक धागा एकदा वरून गेला, की पुढच्या छेदावर तो खालून गेला पाहिजे. कागदावर ही चूक खोडता येते. कापलेल्या कातड्यावर ती कायमची राहते. म्हणून अनुभवी कारागीर कापण्यापूर्वी प्रत्येक छेदावर कोणता धागा वरचा, याची खूण करतो. वरच्या धाग्याच्या दोन्ही कडा अखंड कापून खालच्या धाग्याच्या रेषा त्यांच्यापाशी थांबवितात आणि छेदाजवळ खालचा धागा अधिक दाबतात. हा उतार जितका सावकाश, तितका धागा खरोखर खालून गेल्याचा भास होतो. पट्ट्याच्या लांबीत आकृतीची पुनरावृत्ती पूर्ण संख्येत बसणे आणि दोन्ही टोकांशी धागे सुटे न राहता वळून परत येणे, हेही रचनेतच ठरवावे लागते. बकलाखाली व दुहेरी पदराखाली जाणारा भाग साधा ठेवतात. भोके नक्षीच्या मधून जाऊ नयेत, म्हणून पट्टा लहानमोठा करण्याची सोय पुष्कळदा मागील बाजूस करतात.

जोडणी व संस्करण : शिवणीसाठी खोगीर करणाऱ्यांची दुसुई टीप वापरतात. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून त्या परस्परविरुद्ध दिशांनी जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा दोरा केवळ एकमेकांत अडकलेले असल्याने एक तुटताच टीप उसवू लागते. स्पोरनचा भार सतत पट्ट्याच्या कड्यांवर येत असल्याने तेथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. रंग दिल्यावर जादा रंग पुसून काढणे व वर मेणाचा थर देणे अत्यावश्यक असते. तसे न केल्यास पावसात रंग सुटून किल्टच्या लोकरीस लागतो. कडा ओलवून लाकडी घोटणीने घोटल्या असता तंतू बसून त्यांना चकाकी येते.

हाताचे काम आणि छापील काम यांतील फरक थोड्या निरीक्षणाने ओळखता येतो. कारखान्यातील पट्टा कोरीव रुळाखालून किंवा दाबपाट्याखालून जातो. त्यामुळे नक्षी सर्वत्र सारख्याच खोलीची, गोलसर कडांची व ठराविक अंतराने तंतोतंत तीच असते. हाताच्या कामात रेषेच्या तळाशी चाकूचा तीक्ष्ण काप दिसतो, छेदांवरील उतार कमीअधिक असतात व धाग्यांची टोके बकलाच्या जागेशी विचारपूर्वक मिटविलेली असतात.

वापराचे संकेत : दिवसाच्या साध्या वेशात तपकिरी आणि समारंभात काळे चामडे वापरतात. पट्टा, स्पोरनचा पट्टा व पादत्राणे यांचा रंग आणि बकले व मुखपट्टी यांचा धातू परस्परांशी जुळावा, असा संकेत आहे. जाकिटाच्या आत बंडी घातली असता कमरपट्टा सामान्यतः वापरत नाहीत, कारण तो झाकला जाऊन बंडी फुगते. या एका नियमातूनही पट्टा हा आज दिसण्यासाठी बांधावयाचा अलंकार आहे, ही गोष्ट स्पष्ट होते. स्पोरनचा पट्टा किल्टच्या मागील चुण्यांवर घासतो. त्यामुळे त्याच्या आतील बाजूस नक्षी, खिळे किंवा खरबरीत कडा ठेवीत नाहीत.

सद्यःस्थिती : यूरोपीय संघाने २००९ मध्ये सीलजन्य वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध घातले व ते २०१० पासून अंमलात आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षण कायद्याने अशा वस्तूंच्या आयातीवर आधीच बंदी होती. यामुळे समारंभाच्या स्पोरनसाठी सीलऐवजी गाईबैलांचे केसाळ कातडे, सशाचे कातडे यांचा वापर वाढला आणि पूर्णपणे चामड्याच्या, नक्षीदार स्पोरनकडेही लक्ष गेले. दुसऱ्या बाजूने स्वस्त आयातीची स्पर्धा आहे. पाकिस्तानातील सियालकोट हे बॅगपाइप, किल्ट व त्यांच्या उपसाधनांच्या निर्यातीचे मोठे केंद्र आहे. या वेशाचा भारतीय उपखंडाशी आलेला संबंध हायलँड पलटणींमुळे जुना आहे. जालना जिल्ह्यातील असई येथील १८०३ च्या लढाईत लढलेल्या ७४ व ७८ क्रमांकांच्या हायलँड पलटणींना हत्तीचे सन्मानचिन्ह देण्यात आले होते.

ब्रिटनमधील वारसा-हस्तकलांच्या संघटनेने तयार केलेल्या धोक्यातील कलांच्या यादीत स्पोरन बनविण्याच्या कलेचा समावेश आहे. किल्ट घालणाऱ्यांची संख्या मोठी असूनही ही स्थिती यावी, याचे कारण मागणीचा अभाव हे नाही. भाड्याने मिळणाऱ्या विवाहवेशाला छापील पट्टा व ठराविक स्पोरन पुरतो आणि अनेक तासांच्या हस्तकामाची किंमत त्या व्यवहारात बसत नाही. दुरुस्त करता येणारी शिवण, वापराने काळपट व तकतकीत होत जाणारे चामडे आणि एका व्यक्तीच्या कमरेच्या मापाने आखलेली गुंफण हे हस्तकामाचे गुण विकत घेताना दिसत नाहीत. ते काही वर्षांच्या वापरानंतर प्रत्ययास येतात. या कलेचे भवितव्य हे गुण ओळखणारे ग्राहक आणि शिकाऊ कारागीर या दोहोंवर अवलंबून आहे.